कागदात न गुंडाळलेलं औषध

नेमीभाऊंची आणि माझी पहिली भेट म्हणजे माझी नोकरीची मुलाखत. त्या मुलाखतीत मी खरं तर नापास झाले होते.

मी भडगावहून सकाळच्या एसटीने जळगावला आले होते. डी. फार्मसी झालेली, गावातल्या एका औषधाच्या दुकानात वर्षभर काम केल्याचा दाखला पिशवीत आणि अंगावर बहिणीची ठेवणीतली साडी. नवी पेठेतल्या बोरुंदिया मेडिकलच्या काउंटरमागे पांढरा सदरा घातलेले, चष्मा नाकाच्या टोकावर घसरलेले एक गृहस्थ उभे होते. हेच नेमिचंदजी बोरुंदिया, म्हणजे सगळ्या पेठेचे नेमीभाऊ. त्यांनी माझ्या प्रमाणपत्राकडे पाहिलंसुद्धा नाही.

"भडगावात दुकान कुठं होतं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"मग आजूबाजूच्या लोकांशी चांगली ओळख असेल?"

"हो तर!" मी उत्साहाने म्हणाले. "शेजारच्या आबांना मधुमेह, समोरच्या अक्कांना संधिवात, आणि त्यांच्या धाकट्या सुनेला..."

नेमीभाऊंनी हात वर केला. "बस, बाई, बस! मी ओळख आहे का विचारलं. तुम्ही तर त्यांच्या चिठ्ठ्याच वाचून दाखवायला लागलात."

माझा चेहरा पडला. आता परतीची एसटी किती वाजता, एवढाच विचार डोक्यात होता. नेमीभाऊ मात्र चष्मा पुसत होते. पुसून झाल्यावर म्हणाले, "इथं हे चालणार नाही. पण विचारलं ते सरळ सांगता, बनवाबनवी नाही. तोंड बंद ठेवायला मी तुम्हाला शिकवीन. उद्यापासून या."

त्या 'उद्यापासून'ची पुढे चौदा वर्षं झाली. आज मी धुळ्याला देवपुरात स्वतःचं औषधाचं दुकान चालवते. नेमीभाऊ पंचाहत्तरी पूर्ण करत आहेत आणि त्यांच्या स्नेही मंडळींनी काढलेल्या या गौरवग्रंथासाठी मी लिहावं असा निरोप आला, तेव्हा मी त्यांना फोन करून म्हटलं, "भाऊ, गुरूंविषयी लिहायचंय, जरा भीती वाटते." ते चिडले. "गुरू कोण? मी दुकानदार आहे. दुकानदाराविषयी लिहा."

तर दुकानदाराविषयीच लिहिते. त्यांच्या व्यापारी संघटनेतल्या कामाविषयी, रक्तदान शिबिरांविषयी, गोशाळेविषयी इतर मान्यवर लिहितीलच. माझ्या वाट्याला त्यांच्या काउंटरची आतली बाजू आली आहे. तिथून मला जे दिसलं, ते इतरांना दिसलेलं नसणार.

बोरुंदिया मेडिकलमध्ये सगळी औषधं एका पद्धतीने दिली जात, आणि काही औषधं दुसऱ्या. मनाच्या आजारांवरच्या, झोपेच्या, उदासीवरच्या गोळ्या मागितल्या की आम्ही त्या आतल्या टेबलावर नेऊन वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळायचो, वर रबर लावायचो आणि काळ्या पिशवीत घालून द्यायचो. ही पद्धत नेमीभाऊंच्या वडिलांपासूनची. गिऱ्हाइकांचीही पद्धत ठरलेली होती. एक वकीलसाहेब दुकानात गर्दी असली की समोर उभे राहून मोबाईलमध्ये बघत बसत आणि गर्दी ओसरली की हळूच तळहातातली चिठ्ठी दाखवत. बँकेतल्या एक मॅडम नुसतं "ते नेहमीचं" एवढंच म्हणत. दर महिन्याला पाच-सहा जण थेट धुळ्याहून येत. धुळ्याला काय औषधाची दुकानं नाहीत का, असं मी एकदा नेमीभाऊंना विचारलं. ते म्हणाले, "आहेत. पण तिथले दुकानदार त्यांना ओळखतात."

कुणाला काय आजार आहे हे नेमीभाऊंनी कधी उच्चारलं नाही. घरी जेवतानासुद्धा नाही, हे मला विमलाभाभींनीच सांगितलं. "चाळीस वर्षं यांच्याशी संसार केला," त्या म्हणाल्या, "पण पेठेतल्या बातम्या मला भाजीवालीकडून कळतात."

मात्र आजारी माणसाला त्याचं औषध समजावून सांगायला त्यांनी कधी कंटाळा केला नाही. पारोळ्याकडची एक म्हातारी आपल्या मुलाच्या गोळ्या न्यायला आली होती. काळी पिशवी हातात घेऊन तिने संशयाने विचारलं, "भाऊ, ह्या गोया कसान्या शेतस?"

नेमीभाऊ काउंटरबाहेर आले, तिच्याशेजारी बाकावर बसले आणि तिच्याच अहिराणी बोलीत म्हणाले, "मावशी, मनन्या गोया शेतस. रोज एक देवानी. बठ्ठ्या एकदम नही."

"येडान्या ते नही ना?"

"नही वो मावशी. तुना पोरले दुखस, पण तो सांगत नही. त्या दुखनान्या शेतस."

म्हातारीने पदराने डोळे टिपले. पुढच्या महिन्यात ती परत आली तेव्हा नेमीभाऊंसाठी घरच्या शेतातली केळी घेऊन आली होती. मुलगा कामावर जायला लागला होता. ती केळी आम्ही सगळ्यांनी खाल्ली. नेमीभाऊंनी मात्र जैन रिवाजाप्रमाणे सूर्यास्तानंतर खायचं नाही म्हणून आपली दोन दुसऱ्या दिवसासाठी ठेवली.

मग फोन बदलले. लॉकडाऊनमध्ये लोक घरात अडकले आणि चिठ्ठ्या व्हॉट्सॲपवर येऊ लागल्या. पुढे सगळं उघडलं तरी लोकांची सवय गेली नाही. दुकानाचा वेगळा फोन आला, तो माझ्या ताब्यात. आमच्या गिऱ्हाइकांचा 'बोरुंदिया मेडिकल घरपोच' नावाचा ग्रुप झाला. त्यात दुकानाच्या वेळा, कोणतं औषध आलं, कोणतं संपलं, हे आम्ही टाकायचो. औषधं घरोघरी पोचवायचं काम युसूफभाई करत. वय पन्नाशीच्या पुढचं, स्कूटर त्याहून थोडी लहान, आणि जळगावातली एकही गल्ली न चुकणारे.

नेमीभाऊ सत्तरीकडे आलेले होते, पण फोनला ते घाबरले नाहीत. त्यांनी फोन वापरायची स्वतःची एक रीत काढली. औषध विक्रेत्यांच्या एका ग्रुपवर वेड्यांच्या इस्पितळावरचे विनोद यायचे. इतर लोक हसणारे चेहरे टाकत. नेमीभाऊ एका बोटाने, एकेक अक्षर शोधत लिहीत, "यात हसण्यासारखे काय आहे ते कृपया समजावून सांगावे. नेमिचंद." पाठवणाऱ्याला वाटे, भाऊंना खरंच समजलं नाही. तो समजावून सांगे. मग नेमीभाऊ पुन्हा लिहीत, "तरीही समजले नाही. रुग्ण पळून गेला यात गंमत कोणती?" एका विनोदावर तर त्यांनी सात वेळा खुलासा मागितला. महिनाभरात त्या ग्रुपवरचे तसले विनोद बंद झाले. रागावून नाही, कंटाळून. मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही मुद्दाम करता ना?" ते म्हणाले, "छे! मला खरंच समजत नाही," आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत हसले.

आता मी माझ्या चुकीविषयी लिहिते. ती लिहू की नको, असं मी नेमीभाऊंना विचारलं नाही. ज्यांचं नुकसान झालं त्यांना विचारलं. ते म्हणजे देवरे सर, रमाकांत देवरे. त्यांचं उत्तर असं: "लिहा. आणि 'एक शिक्षक' असं लिहू नका. माझं नाव घाला, पूर्ण."

देवरे सर जळगावजवळच्या एका गावातल्या माध्यमिक शाळेत गणित शिकवत. मुख्याध्यापक मे अखेर निवृत्त होणार होते आणि सेवाज्येष्ठतेने त्यांच्या जागी देवरे सरांचा क्रम होता. मार्च महिन्यात एका दुपारी सरांनी दुकानाच्या फोनवर आपली चिठ्ठी पाठवली. दुकानात गर्दी होती. ती चिठ्ठी मला युसूफभाईंना पुढे पाठवायची होती. मी ती घाईघाईत ग्रुपवर पाठवली.

चिठ्ठीवर वर मानसोपचारतज्ज्ञांचं नाव, खाली सरांचं पूर्ण नाव, वय, आणि गोळ्या. माझ्या लक्षात येऊन मी ती काढून टाकेपर्यंत सात-आठ मिनिटं गेली असतील. ग्रुपवर दीडेकशे लोक होते. कुणीतरी तेवढ्यात तिचा फोटो काढून घेतला होता. संध्याकाळपर्यंत तो फोटो सरांच्या शाळेतल्या शिक्षकांच्या ग्रुपवर पोचला. खाली ओळ होती, 'भावी मुख्याध्यापकांची गोळी चालू आहे, विद्यार्थ्यांनी सांभाळून राहावे', आणि पुढे डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारे चार चेहरे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेमीभाऊंना सगळं सांगितलं. मला वाटलं, आज नोकरी जाणार. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "सरांशी बोललात?"

"नाही. धीर होत नाही."

"मग चला."

भर बाजाराच्या दिवशी नेमीभाऊंनी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं आणि युसूफभाईंना बाहेर खुर्ची टाकून बसवलं. आम्ही दोघं रिक्षाने देवरे सरांच्या घरी गेलो.

दार सरांनीच उघडलं. ते शाळेत गेले नव्हते. नेमीभाऊंनी उंबऱ्याबाहेरच हात जोडले. "सर, चूक माझ्या दुकानातून झाली. आमच्यात पर्युषणाच्या शेवटी सगळ्यांची क्षमा मागायची रीत आहे. तोवर मला थांबवणार नाही, म्हणून आज आलो."

"सर, पाठवलं मी," मी म्हणाले. "भाऊंना तर माहीतही नव्हतं."

सरांनी आम्हाला आत घेतलं, बसायला सांगितलं. त्यांच्या पत्नीने पाणी आणलं. मग सर म्हणाले, "नेमीभाऊ, एक सांगू? मी अकरा वर्षं या गोळ्या धुळ्याहून आणत होतो. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी. जळगावात कुणी बघू नये म्हणून. शाळेत सगळ्यांना सांगायचो, धुळ्याला मावसभाऊ आजारी आहे. लॉकडाऊनमध्ये एसटी बंद झाली म्हणून नाइलाजाने तुमच्याकडे आलो. आणि बघा काय झालं."

नेमीभाऊ गंभीरपणे म्हणाले, "धुळ्याहून? पण सर, धुळ्याचे लोक तर माझ्याकडे येतात!"

आणि मग सरांच्या पत्नीच हसायला लागल्या. "म्हणजे पारोळ्याच्या स्टँडवर सगळे समोरासमोर भेटत असतील!" त्या म्हणाल्या. "हे इकडून तिकडे आणि ते तिकडून इकडे!" देवरे सर हसले, नेमीभाऊ हसले, मी रडता रडता हसले. अकरा वर्षं ज्या मावसभावाची शाळेत सगळे विचारपूस करत होते, तो धुळ्यात ठणठणीत आहे, हेही सरांनी तेव्हाच सांगितलं.

चहा आला. चहा घेताना सर पुन्हा गंभीर झाले. "उद्या संस्थेची बैठक आहे. मला बोलावलंय. काही लोक सांगत सुटलेत की मी वर्गात चक्कर येऊन पडलो आणि खिशातून चिठ्ठी सापडली. तुम्ही याल का? माझी बाजू घ्यायला नको. चिठ्ठी कुठून बाहेर पडली, तेवढं सांगा."

"येतो," नेमीभाऊ म्हणाले.

बैठकीला मीही गेले होते. लांब टेबल, भोवती नऊ-दहा सभासद, टोकाला अध्यक्ष. अध्यक्ष सरांशी सौजन्याने बोलत होते, आणि ते सौजन्यच मला जास्त टोचत होतं. "सर, आपल्याबद्दल आदरच आहे. पण हे पद ताणाचं. आपण जरा विश्रांती घ्या, तब्येत सांभाळा. पुढे बघू."

नेमीभाऊंनी बोलायची परवानगी मागितली. घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. फक्त 'आमच्या मॅडमकडून' असं म्हणण्याऐवजी 'माझ्याकडून' म्हणाले. मी मान खाली घातली.

"ते ठीक आहे," अध्यक्ष म्हणाले. "पण गोळ्या तर खऱ्या आहेत ना?"

नेमीभाऊंनी आधी देवरे सरांकडे पाहिलं. सरांनी होकारार्थी मान हलवली, तेव्हाच ते पुढे बोलले. "खऱ्या आहेत. आणि सर त्या वेळेवर घेतात. अध्यक्षसाहेब, या चष्म्याशिवाय मला एक अक्षर वाचता येत नाही. चष्मा घरी ठेवून मी चिठ्ठी वाचली, तर तुम्ही माझ्या हातून औषध घ्याल? नाही घेणार. मग मी चष्मा लावतो याचं तुम्हाला वाईट का वाटावं?"

एकदोघे हसले. अध्यक्ष हसले नाहीत. "नियमाप्रमाणे दाखला लागेल. मानसिकदृष्ट्या तंदुरुस्त असल्याचा."

"जरूर," नेमीभाऊ म्हणाले. "सगळ्यांचाच घेऊ. शिक्षकांचा, लिपिकांचा, संस्थेच्या सभासदांचाही. शिबिराची सगळी व्यवस्था माझ्या दुकानातर्फे. चहा-नाश्त्यासकट."

आता मात्र टेबलाभोवती खसखस पिकली. सभासदांमध्ये सिंधूअक्का म्हणून एक निवृत्त परिचारिका होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, दाखला कशाला? सरांच्या दहावीच्या वर्गाचा गणिताचा निकाल बघा ना. तो लागला तेव्हा सर याच गोळ्या घेत होते. मग बाकीच्या मास्तरांनाही सुरू करायच्या का?"

निर्णय त्या दिवशी झाला नाही. कथेत बदलतो तसा एका भाषणाने कुणाचा विचार बदलत नाही. जूनमध्ये सरांना तीन महिने प्रभारी नेमलं. 'बघू' म्हणून. गणपतीनंतर कायम नेमणुकीचं पत्र आलं. सर पेढे घेऊन दुकानात आले ते थेट काउंटरसमोर उभे राहिले आणि गिऱ्हाइकांच्या गर्दीत खणखणीत आवाजात म्हणाले, "मॅडम, पेढा घ्या. आणि माझ्या गोळ्या द्या."

पण मला सांगायचं आहे ते त्या बैठकीनंतरचं. रिक्षाची वाट बघत आम्ही रस्त्यावर उभे होतो. मी धुमसत होते. "भाऊ, तुम्ही सांगायला हवं होतं," मी म्हणाले.

"काय?"

"त्या खोलीत बसलेल्यांपैकी..."

नेमीभाऊंनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे तसं कधी बघितलं नव्हतं. "त्या खोलीत काय, बाई?"

मी म्हणाले, "काही नाही."

"बरोबर," ते म्हणाले. "काही नाही."

त्या खोलीतल्या आणखी कुणाच्या चिठ्ठ्या आमच्याकडे होत्या की नव्हत्या, हे मी आज इथेही लिहिणार नाही. एका शब्दाने नेमीभाऊंना ती बैठक जिंकता आली असती, असं मला त्या दिवशी वाटलं होतं. तो शब्द त्यांनी तोंडातून काढला नाही. मला त्यांच्याविषयी जो आदर आहे, त्याचं मूळ रस्त्यावरच्या त्या दोन वाक्यांत आहे.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर त्यांनी आम्हा सगळ्यांना आतल्या टेबलाजवळ बोलावलं. तिथं वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता. त्यावर हात ठेवून ते म्हणाले, "पन्नास वर्षं आपण या गोळ्या कागदात गुंडाळून दिल्या. मला वाटायचं, आपण लोकांची लाज राखतो. काल बसल्या बसल्या वाटलं, यात लाज वाटण्यासारखं काही आहे हे लोकांना शिकवलं कुणी? या कागदानं शिकवलं. म्हणजे मी शिकवलं."

त्या दिवसापासून सगळी औषधं एकाच पांढऱ्या पिशवीत जाऊ लागली. तापाची, खोकल्याची, मनाची, सगळी. कुणाला वेगळी पिशवी हवीच असेल तर त्याने मागावी, आम्ही आपणहून द्यायची नाही. नावं मात्र पूर्वीपेक्षा जास्त जपायची. तो ग्रुप बंद झाला. चिठ्ठीचा फोटो फक्त दुकानाच्या फोनवर येणार, औषध दिलं की माझ्यासमोर पुसला जाणार. युसूफभाईंना फोटो नाही, फक्त पत्ता. सुरुवातीला काही गिऱ्हाइकं बावचळली. "ते नेहमीचं" म्हणणाऱ्या मॅडम पांढरी पिशवी बघून दोन मिनिटं तशाच उभ्या राहिल्या, मग ती पर्समध्ये न टाकता हातात धरून गेल्या.

या सगळ्या गडबडीत माझं काय चाललंय हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. फोनचा टिंग असा आवाज आला की माझ्या छातीत धडधडायचं. झोप उडाली होती. एक स्ट्रिप द्यायची तर मी ती सहा वेळा तपासायची. मनाच्या औषधांची माहिती लोकांना समजावून सांगणारी मी, पण स्वतः डॉक्टरकडे जायचा विचार आला की अंगावर काटा यायचा. नेमीभाऊंनी एक दिवस माझ्या हातातली स्ट्रिप काढून घेतली.

"किती दिवस झाले?"

"कशाला?"

"हे असं मोजायला लागून."

मी रडायलाच लागले. "भाऊ, मेडिकलवालीच गोळ्या खाते असं कळलं तर इथं कोण येईल?"

"मी येईन," ते म्हणाले. "हे बघा, सहा वेळा तपासलेलं औषध गिऱ्हाइकाला मिळतंय, त्याचं बरंच चाललंय. मला काळजी तुमची आहे."

डॉक्टरांकडे ते स्वतः माझ्याबरोबर आले. मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून विमलाभाभींनाही घेऊन आले. दवाखान्याच्या बाकावर त्या दोघांचं, घरातल्या पाण्याच्या मोटारीवरून, हळू आवाजात कडाक्याचं भांडण झालं. मला हसू आवरेना. समोरच्या बाकावर आमची दोन गिऱ्हाइकं वर्तमानपत्राआड बसलेली होती. नेमीभाऊ त्यांच्याकडे एकदाही न बघता छताच्या पंख्याकडे बघत राहिले, जणू तो विकतच घ्यायचा आहे.

माझ्या गोळ्या त्यांनी स्वतः काढल्या आणि सगळ्यांसमोर पांढऱ्या पिशवीत घालून माझ्या हातात दिल्या. युसूफभाई तिथंच उभे होते. त्यांनी पिशवीकडे पाहिलं आणि सहज म्हणाले, "मॅडम, रिकाम्या पोटी नका घेऊ. आमच्या घरात चक्कर यायची." एवढी वर्षं एकत्र काम करून हे मला माहीत नव्हतं. साधारण वर्षभर मी ती औषधं घेतली. काम एक दिवसही बुडालं नाही. एकही गिऱ्हाईक कमी झालं नाही. हे मी पहिल्यांदाच लिहून देत आहे, आणि लिहिताना संकोच वाटत नाही, याचं श्रेय कुणाचं ते वाचकांच्या लक्षात आलंच असेल.

आता काळ आणखी पुढे गेला आहे. आता तरुण मंडळी आपल्या उदासीविषयी फोनवर उघडपणे बोलतात, त्याची रील करतात. नेमीभाऊंना त्याचा आनंदच होतो. पण एकदा एक प्राध्यापक कुठलीशी रील दाखवून "ही गोळी द्या, हिनं एका आठवड्यात बरं वाटतं" म्हणाले, तेव्हा नेमीभाऊंनी ती रील पूर्ण बघितली, दोनदा बघितली आणि म्हणाले, "बाई छान बोलतात. पण त्यांनी तुम्हाला तपासलेलं नाही. चिठ्ठी आणा." प्राध्यापक रागावून गेले. आठ दिवसांनी चिठ्ठी घेऊन आले. डॉक्टरांनी दिलेलं औषध वेगळंच होतं.

यजमानांची बदली धुळ्याला झाली तेव्हा मी दुकान सोडलं. देवपुरात स्वतःचं दुकान टाकायचं ठरवलं आणि नेमीभाऊ तीन दिवस आमच्याकडे येऊन राहिले. फळ्या कुठे लावायच्या, थंड ठेवायची औषधं कुठे, उन्हाचा कवडसा कुठपर्यंत येतो, हे सगळं त्यांनी स्टुलावर चढून बघितलं. माझ्या सासूबाईंना काळजी लागली होती, हे आजोबा पडतील म्हणून. पडले नाहीत. उलट सासूबाईंच्या हातच्या शेवभाजीची कृती लिहून घेऊन गेले, कांदा-लसूण वगळून. विमलाभाभींचा फोन आला, "कांदा-लसूण वगळल्यावर त्यात राहिलं काय?"

मागच्या महिन्यात ते पुन्हा आले होते. माझ्या काउंटरजवळ स्टुलावर बसून चहा पीत होते. तेवढ्यात एक हवालदार आले. अंगावर गणवेश, मोटरसायकल दारात चालूच. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. त्यांनी चिठ्ठी काउंटरवर ठेवली आणि नेहमीच्या आवाजात, तापाची गोळी मागावी तसं, आपल्या औषधाचं नाव घेतलं. मी पांढऱ्या पिशवीत घालून दिलं. "सकाळची की रात्रीची, मॅडम?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते गेले. कुणी वळून पाहिलं नाही. रांगेतल्या बाई पुढे सरकल्या आणि त्यांनी खोकल्याचं औषध मागितलं.

मी नेमीभाऊंकडे पाहिलं. मला वाटलं, ते काहीतरी बोलतील. त्यांनी रिकामा कप पुढे केला आणि विचारलं, "चहा अजून आहे का?"

अशा या आमच्या दुकानदारांना पंचाहत्तरी पूर्ण होताना मी मनापासून वंदन करते. त्यांनी शंभरी गाठावी, आणि तीही काउंटरमागे उभं राहून. विमलाभाभींशी त्यांची भांडणं अशीच हळू आवाजात चालू राहोत. दुकानातली इतकी औषधं त्यांनी आयुष्यभर इतरांना दिली, त्यातलं एकही त्यांना स्वतःला लागू नये. आणि लागलंच, तर त्यांनी धुळ्याला माझ्याकडे यावं. गर्दीच्या वेळी यावं, मोठ्या आवाजात मागावं. मी सगळ्यांसमोर त्यांच्या हातात देईन.